कुणाचं अलीकडे?

डिसेंबर लागला की बाबा बाल्कनीत खुर्ची ओढतात आणि माझं डोकं उठायला लागतं. गाझियाबादच्या आमच्या अकराव्या मजल्यावरून या दिवसांत समोर दिसतं तरी काय? करडा, कोंदट, घशात खवखवणारा धूर. त्याला बाबा धुकं म्हणतात. मोबाइलवरचा हवेचा आकडा लाल होऊन पुढे जांभळाही झालेला असतो, घरात हवा शुद्ध करायचं यंत्र घरघरत असतं, आणि पंच्याऐंशी वर्षांचा हा माणूस बाल्कनीचं दार सताड उघडून, कानटोपी घालून समोरच्या इमारती मोजत बसतो.

"सी टॉवर गेला. बी अर्धा आहे. तासाभरात उठेल हे."

"बाबा, आत या."

"अजून उड्डाणाजोगी हवा नाही."

"उडायचंय कोणाला?"

ते पुढची इमारत मोजायला लागतात. त्यांना ऐकू कमी येतं हे खरं, पण नको ते बिलकुल ऐकू येत नाही हे जास्त खरं. महागाचं श्रवणयंत्र आणलं आहे. ते चष्म्याच्या जुन्या डबीत पडून असतं. का, तर शिट्टी वाजते. मी तीस वर्षं सरकारी कार्यालयात अनुवादक होते, इंग्रजीचं हिंदी आणि हिंदीचं इंग्रजी करत बसले. तिथल्या फायलींनीसुद्धा मला एवढं छळलं नसेल.

बाबा एकाहत्तरच्या लढाईत वैमानिक होते. एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे विमान येतं ते बाबांचं नव्हे, आणि तिथून पुढची कटकट सुरू होते. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी त्यागीजी दरवर्षी लढाई जिंकल्याच्या दिवशी, सोळा डिसेंबरला, खाली मांडव घालतात, बाबांना शाल देतात आणि मागे एक मोठा फलक लावतात. फलकावर आग ओकत आकाशात घुसणारं लढाऊ जेट. मी पहिल्याच वर्षी सांगितलं की, त्यागीजी, हे ते विमान नाही. ते हसले. "आंटीजी, पब्लिक को फीलिंग भी तो आनी चाहिए ना!"

फीलिंग! बाबांचं विमान म्हणजे लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड आणि पुढे एक पंखा. बंदूक नाही, बॉम्ब नाही. बाबा हवाई दलातलेही नव्हते. ते सैन्याच्या तोफखान्यातले. तोफेला झाडीमागचं दिसत नाही, म्हणून कोणीतरी वर जाऊन बघायचं आणि खाली तोफांपाशी बसलेल्या अधिकाऱ्याला वायरलेसवर सांगायचं की गोळा कुठे पडला, पुढचा कुठे टाकायचा. शेतातल्या रोलर फिरवलेल्या पट्टीवरून उडायचं, झाडांच्या शेंड्यांलगत राहायचं, बघायचं, सांगायचं, परत यायचं. मांडीला पट्ट्याने बांधलेली नकाशाची पाटी, आणि पाटीला दोरीने बांधलेली पेन्सिल. ती सवय अजून गेलेली नाही. आमच्या फोनच्या वहीला आजही दोरीने पेन बांधलेलं आहे, आणि मी ते घाईत उचललं की वही, फोन, चहाचा कप असं सगळंच माझ्याबरोबर येतं.

"टेहळणी म्हणतात त्याला," मी एकदा नातीला समजावत होते. रेवा आठवीत आहे, दिल्लीतच वाढली.

"टेह... काय?"

"टेहळणी. लपूनछपून शत्रूचं काय चाललंय ते बघून येणं."

"अच्छा, रेकी! मग तसं बोल ना यार, आजी."

तेव्हापासून आमच्या घरात पणजोबा रेकी करायचे. चलो, ठीक आहे.

त्या विमानाचं नावही असं की विचारू नका. कृषक. खरोखर कृषक. ज्या कोणी ते ठेवलं त्याला लक्ष्मीबाई नगरच्या शाळेतली चौथीतली मुलगी दिसली नसणार. बाबा सरहद्दीवर गेले तेव्हा आई आणि मी मामाकडे येऊन राहिलो होतो. मामा केंद्र सरकारात. त्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे लहानसं अंगण. वर्गात बाईंनी विचारलं, "नंदिनी, तुम्हारे पिताजी क्या चलाते हैं?" मी ताठ उभी राहून सांगितलं, "कृषक." बाई म्हणाल्या, "अच्छा, मतलब ट्रैक्टर?" सगळा वर्ग खिदळला. बाकीच्या मुलींचे वडील सेक्शन ऑफिसर आणि अंडर सेक्रेटरी, आणि माझे ट्रॅक्टरवर. मी घरी येऊन दप्तर फेकलं. आई विणत होती, टाके मोजत होती. तिने आधी ओळ पुरी केली आणि मग म्हणाली, "ट्रॅक्टर खाली राहतो गं. हे खालीच असते तर मला झोप नसती का लागली?" मला तेव्हा त्यात रडण्यासारखं काही वाटलं नाही. माझा राग ट्रॅक्टरवरच होता.

त्या हिवाळ्याची हवा स्वच्छ होती. हे मी म्हाताऱ्या माणसांच्या तोऱ्यात म्हणत नाही. खरंच स्वच्छ होती. सकाळी दव पडलेलं असायचं, कोवळ्या उन्हात अंगणातल्या खाटेवर बसून आम्ही मुळे खायचो. समोरच्या बागेत खंदक खणले होते, वेडेवाकडे. भोंगा झाला की त्यात उतरायचं आणि मामीच्या साडीला लाल माती लागली की तीही वैतागायची. खिडक्यांच्या काचांना मामाने तपकिरी कागद खळीने चिकटवला होता आणि त्या खळीला मुंग्या लागल्या होत्या. युद्ध म्हटलं की मला अजून ती आंबूस खळ आठवते.

आणि बाबांची पत्रं. आई विणणं टाकून ती पत्रं उभ्याउभ्याच उघडायची, आणि आत काय? "आज सकाळी दाट धुकं होतं, दहाला उठलं. वारा वायव्येचा. काल ढग खाली होते. नंदूचा खोकला कसा आहे?" हवामान खात्याने बायकोला लिहिलेली पत्रं! आई पुनःपुन्हा वाचायची आणि हसायची. मला वाटायचं, हा माणूस एक तरी गोष्ट नीट का सांगत नाही? शेजारच्या क्वार्टरमधल्या मुलीचे वडील रेडिओत होते, ते घरी येऊन कितीतरी लढाया सांगायचे. आमच्याकडे वायव्येचा वारा. मी मोठी झाले, आईच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट झाले, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की धुकं दहाला उठलं म्हणजे दहा वाजेपर्यंत ते जमिनीवर होते. आईला तेवढंच हवं होतं.

लढाई संपली, बाबा आले. वाळलेले, काळवंडलेले, मिशी ठेवलेले. त्यांनी लढाईचं काही सांगितलं नाही, आम्हीही सवयीने विचारलं नाही.

पण पुढच्या डिसेंबरपासून एक फोन सुरू झाला. वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला. आधी पोस्टातून ट्रंककॉल, मग कोपऱ्यावरच्या बूथमधून, मग घरातून. समोर सांगलीचे कदमकाका, बाबांचे तोफखान्यातले मित्र. तोफांपाशी वायरलेस घेऊन जो अधिकारी बसायचा, तो कदमकाकाच. एरवी दोघांचं गूळपीठ. लग्नकार्याला एकमेकांकडे येणार, पत्ते खेळणार, एकमेकांच्या बायकांच्या हातचं कौतुकाने खाणार. पण त्या एका तारखेला बाबा फोनवर असे भांडायचे की शेजारी दारात येऊन उभे राहायचे.

"अलीकडे म्हणजे माझं अलीकडे! तुझं नाही!"

"नियम मला शिकवू नकोस, कदम!"

"चूक कुणाची ते मला माहीत आहे. तू गप्प बैस."

मग दाणकन फोन.  जेवणाच्या ताटावरून अर्धं जेवून उठणं. आई त्या दिवशी मुद्दाम त्यांच्या आवडीची कढी करायची, तीही तशीच राहायची.

मी कॉलेजात असताना आईने मला ती गोष्ट सांगितली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मेथी निवडता निवडता. लढाईत शत्रू वायरलेस ऐकायचा. इंग्रजी त्यांना येई, हिंदी-पंजाबी तर येईच. म्हणून हे दोघे ऐन वेळी मराठीत बोलायला लागले. कोण पकडणार मराठी? दोघे आपल्या हुशारीवर खूश. एके सकाळी कालव्याकाठच्या झाडीत शत्रूच्या तोफा होत्या आणि बाबा वरून बघत होते.

आईने टेबलाच्या मध्यावर मिठाची बरणी ठेवली. "ही शत्रूची झाडी. तू तिकडे बसली आहेस ना, तू आपल्या तोफा. मी विमान. मी आधी तुझ्याच बाजूला होते, पण खालून गोळ्या यायला लागल्या म्हणून वळून बरणीच्या या बाजूला आले, आणि आता तुझ्याकडे तोंड करून परत येते आहे. तुझा गोळा बरणीपर्यंत पोचलाच नाही, तुझ्या बाजूलाच पडला. मला तो कुठे दिसला?"

"बरणीच्या पलीकडे."

"मग मी म्हणणार, पलीकडे पडला, अलीकडे घे. आता तू काय करशील?"

मी मेथीची एक काडी उचलून, जिथे गोळा पडला तिथून माझ्याकडे ओढली. माझं अलीकडे माझ्याकडेच होतं. काडी बरणीपासून आणखी लांब, माझ्या ताटाशी आली.

"झालं," आई म्हणाली. "तिथे मारुती होता."

मारुती कदमकाकांच्या हाताखालचा लाइनमन. तोफा आणि पुढची चौकी यांच्यामधली टेलिफोनची तार तुटली होती, ती जोडायला तो गेला होता. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. आईने मेथी गोळा केली आणि बरणी जागेवर ठेवली. "दोघांचं अजून ठरत नाही, चूक कुणाची; त्या तारखेला दरवर्षी तेच. तू त्या विषयात पडू नकोस."

मी पडले नाही, पण मनात निकाल देऊन टाकला. कारण बाबांना मी ओळखते. हा माणूस आयुष्यात कधी चुकलेला नाही. चांदणी चौकातून करोल बागेला जाताना आम्ही यमुनेपार पोचलो होतो, तेव्हाही यांचं म्हणणं की रस्ता चुकीचा बांधलाय. एकदा संक्रांतीच्या सुमारास महाराष्ट्र मंडळाने पानिपतला काला अंबवर बस नेली होती. लोक स्मारकापुढे डोळे मिटून उभे, कोणी फुलं वाहतंय, कोणी हात जोडतंय, आणि आमचे बाबा चौथऱ्याला पाठ करून, हात डोळ्यांवर धरून, क्षितिज बघतायत. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एवढा सपाट मुलूख, आणि पुढे काय आहे ते बघायला धड माणसं नव्हती!" मंडळाच्या अध्यक्षीणबाई माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू लढाई मीच हरले. असा माणूस आपली चूक कबूल करणार? मला दरवर्षी कदमकाकांची कीव यायची. एक तर बिचाऱ्यांचा माणूस गेला, आणि वर आमच्या कर्नलसाहेबांची ही अरेरावी. "अलीकडे म्हणजे माझं अलीकडे!" दिल्लीत वाढलेल्या आमच्या रेवाला अलीकडे-पलीकडे येतच नाही, ती 'इधरवालं' आणि 'उधरवालं' म्हणते. कधीकधी वाटायचं, बरं आहे पोरीचं. हा शब्दच घरातून गेलेला बरा.

आई गेली, कढी करणं माझ्याकडे आलं. मी दरवर्षी ठरवायचे, यंदा फोन हातातून काढून घ्यायचा. नाही जमलं. बाबांचं ऐकू येणं कमी होत गेलं तसा त्यांचा आवाज वाढत गेला, आणि गेली चार-पाच वर्षं तर ते फोनवर नुसतं स्वतःचंच बोलत होते. समोरून काय येतंय याचा पत्ता नाही, भांडण मात्र जोरात.

यंदा ती तारीख यायच्या आधीच बाबांची घालमेल सुरू झाली. कदमकाका आजारी असल्याचं कळलं होतं. हृदयाचं काहीतरी, दवाखान्यातून घरी आणलं होतं, आणि घरी आणलं हे काही बरं लक्षण नव्हतं. "मला एकदा त्याच्याशी नीट बोलायचंय," बाबा रोज म्हणायचे. "एकदा हे निकालात काढायचंय." मी चिडले. "बाबा, ते आजारी आहेत. आता तरी सोडा." "आता नाही तर कधी?" ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला. मी विचारलं, मग सांगलीला जाऊ या का? विमान कसं जाणार, धुक्यात सगळी उड्डाणं अडकलेली. बाबा बाल्कनीत इमारती मोजत राहिले.

ठरलेली तारीख काकांच्या आजारपणात तशीच गेली; फोन आला तो नेमका सोळा तारखेला, सकाळी दहाला. खाली त्यागीजींचा मांडव उभा, फलकावर जेट, आणि ध्वनिक्षेपकावर कोणी माणूस वीस मिनिटं "हॅलो, हॅलो, माइक चेक" करत होता. मधूनच देशभक्तीपर गाणं सुरू होऊन मधूनच तुटत होतं. बाबा कोट घालून, पदकं लावून तयार. मी त्यांच्या कोटावरचा चहाचा डाग पुसत होते.

"ताई, मी वृंदा, सांगलीहून. कदमांची सून. पप्पांना बोलायचंय. डॉक्टरांनी नको म्हटलंय, पण ऐकतच नाहीत. जरा लवकर द्याल का?"

मी फोन बाबांना दिला. "कदम! मोठ्याने बोल!" खाली, हॅलो, माइक चेक. बाबांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला. मी डबीतून श्रवणयंत्र काढून त्यांच्या कानात घातलं, ते शिट्टी मारायला लागलं, बाबांनी ते उपटून सोफ्यावर टाकलं. मी बाल्कनीतून ओरडले, "भैया, पाँच मिनट बंद करो!" खालून उत्तर आलं, "बस हो गया, मैडम!" आणि गाणं आणखी मोठं झालं. शेवटी बाबांनी फोन माझ्या हातात कोंबला. "तू ऐक. तो काय म्हणतो ते मला सांग. शब्दन् शब्द सांग."

मी न्हाणीघराच्या दारात उभी राहिले, तिथे जरा कमी आवाज. बाबा माझ्यापुढे, कान माझ्या तोंडाशी. फोनमधून कदमकाकांचा श्वास आधी आला, मग शब्द.

"नंदू का? त्याला सांग, यंदा वाद नको. चूक माझी होती."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काका?"

"माझी होती म्हणावं. मराठीत बोलू या हे माझं डोकं. त्याने फक्त हो म्हटलं."

"काय म्हणतो?" बाबा खेकसले.

"म्हणतात, चूक त्यांची."

बाबांचा चेहरा लालबुंद झाला. "बघ! हेच! पन्नास वर्षं हेच तुणतुणं! त्याला सांग, विमानातल्या माणसाने तोफेच्या बाजूने बोलायचं असतं. तोफेचं अलीकडे ते अलीकडे. हा नियम होता. मी माझं अलीकडे म्हणालो. माझी चूक आहे म्हणावं, माझी!"

अलीकडे म्हणजे माझं अलीकडे, तुझं नाही. नियम मला शिकवू नकोस. चूक कुणाची ते मला माहीत आहे, तू गप्प बैस. तीच वाक्यं, आईची कढी करून करून मी ऐकलेली, आणि मी त्यांचा एकदाही नीट अर्थ लावला नव्हता. अनुवादक म्हणे! मला असा संताप आला की या दोन म्हाताऱ्यांना धरून गदागदा हलवावं, आणि त्यांच्याआधी स्वतःला. माणसं दोष झटकण्यासाठी भांडतात. हे दोघे तो एकमेकांच्या हातातून ओढून घेत होते, आणि मी इतकी वर्षं एकाला हेकेखोर म्हणत होते.

मी बाबांचं म्हणणं फोनमध्ये सांगितलं. कदमकाका हसले असावेत. त्या हसण्याचा खोकला झाला.

"नियम इंग्रजीला होता. मराठीला कुठला नियम? आणि तो 'वळतोय' म्हणाला होता. मी ऐकलं होतं, नंदू. मला नुसतं विचारायचं होतं, कुणाचं अलीकडे? दोन शब्द. मी घाईत होतो, नाही विचारलं. आणि मारुतीला मीच पाठवलं होतं. त्याला वरून ते कसं कळणार?"

मी हे सगळं बाबांच्या कानात ओरडून सांगितलं. शेजारच्या घरापर्यंत गेलं असेल. बाबा म्हणाले, "वरून कळायला हवं होतं. बघायलाच तर ठेवलं होतं मला." हे ते ओरडले नाहीत. मी ते तसंच फोनमध्ये सांगितलं.

पलीकडे काका पुन्हा खोकले. वृंदा म्हणाली, "पप्पा, बास आता." मग काका म्हणाले, "त्याला सांग, मारुतीच्या आईपुढे बसून मी सांगितलंय, चूक माझी. ती म्हातारी ते ऐकून गेली. आता ते बदलता येत नाही."

"काय म्हणतो?"

मी सांगितलं. बाबा भिंतीला टेकले. "खोटं सांगितलंस तिला," ते माझ्याकडे बघून म्हणाले, जणू मीच कदमकाका. "माझ्यासाठी खोटं सांगितलंस. परत घे ते. त्याला म्हणावं, मर्दा, आता तरी परत घे."

फोनमध्ये काका पुटपुटत होते, "हो म्हणायला सांग त्याला. एकदा हो म्हणू दे. मी असा किती दिवसांचा..." आणि पुढे दम पुरला नाही.

मी तीस वर्षांत एकाही कागदावर एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. स्वल्पविरामावरून मी साहेबांशी भांडले आहे. त्या न्हाणीघराच्या दारात उभी राहून, खाली माइक ठणाणा करत असताना, मी फोनमध्ये म्हणाले, "काका, बाबा म्हणतात, ठीक आहे. चूक तुमची."

"असं म्हणाला?"

"हो."

"शेवटी मानलं म्हणायचं." त्यांचा आवाज एकदम सैल झाला. "बरं. आता त्याला नीट जेव म्हणावं." मग वृंदाने फोन घेतला आणि हळूच म्हणाली, "ताई, डोळे मिटून पडलेत. शांत वाटतायत. ठेवते."

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काका म्हणाले, बरं. चूक तुमची."

"कदम असं म्हणाला?"

"हो, बाबा."

"शब्द सांग. जसेच्या तसे."

मी म्हणाले, "म्हणाले, तू अलीकडे म्हणालास ते चुकलंच तुझं."

बाबांनी मान हलवली, एकदा, दोनदा. मग ते तिथेच स्टुलावर बसले, आणि त्यांचा चेहरा असा मोडला की मी तो कधी पाहिला नव्हता, आई गेली तेव्हाही नाही. ज्याच्यासाठी हा माणूस पन्नास वर्षं भांडला ते मी त्याच्या हातात आणून ठेवलं होतं, आणि ते म्हणजे मारुतीच्या मृत्यूचा दोष.  सगळं खोटं आहे, काका असं बोललेच नाहीत, हे ओठांपर्यंत आलं होतं. मी त्यांच्यापुढे खाली बसले आणि त्यांचे गुडघे धरले. ते पोरासारखे रडत होते, पदकं एकमेकांवर आपटत होती, आणि दारावर त्यागीजींची घंटा वाजत होती, "कर्नल साब, चलें?"

बाबांनी कानटोपीने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नकोस गं," ते म्हणाले. "कदम सुटला."